मिलीमीटर मॅडम

दादा उठला की आधी भिंतीवर हात घासल्याचा आवाज यायचा, मग पाय ओढल्याचा. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी शाळेची वर्षं त्या दोन आवाजांत गेली. बाबा दर्यापूर-अमरावती रस्त्यावर दुसऱ्याच्या मालकीची काळी-पिवळी जीप चालवायचे, आई कापूस वेचायला जायची आणि दादाला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकून बसतात. त्याच्या डाव्या खुब्याला रक्त पोहोचेना आणि ऐन विशीत मांडीच्या हाडाचा गोळा खडूसारखा भुरभुरला. गावात कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे नजर लागली. तेल चोळून चोळून आईच्या हातांना त्याचा वासच राहिला होता. दादाला मांडी घालून बसता येत नव्हतं, म्हणून तो उभ्यानं जेवायचा. आणि तो उभा म्हणून आईही उभ्यानं जेवायची. बाबा त्याला उचलून जीपच्या पुढच्या सीटवर बसवायचे तेव्हा मागचे प्रवासी बाहेर बघायला लागायचे. एवढा मोठा पोरगा बापाच्या कडेवर, हे कोणाला बघवत नव्हतं.

मग सरकारी योजनेत त्याचं नाव लागलं आणि खुबा बदलला. जुना सांधा काढून धातूचा नवा बसवला. दोन-तीन महिन्यांत दादा सरळ चालायला लागला, आणि पुढच्या वर्षी नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात लागला. त्याच्या पगारावर मी अमरावतीच्या होस्टेलात राहिले आणि इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही छाती पुढे करून सांगते, आणि त्या शिक्षणात दादाच्या खुब्याचा वाटा आहे हेही सांगते. पण बसवलेला सांधासुद्धा झिजतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. दवाखान्यात कोणी सांगितलंही असेल, आमच्या कानापर्यंत आलं नव्हतं. ते आमच्या घरात आणलं मिलीमीटर मॅडमनी.

हे नाव मुलांनी पाडलेलं. संगणकाला चित्र वाचायला शिकवणं हा त्यांचा विषय, आणि 'जराक' या शब्दाशी त्यांचं वैर. आमच्या वऱ्हाडात सगळं जराक असतं. गाव किती दूर? जराक. बसला वेळ किती? जराक. ताप आहे का? जराक आहे. मॅडमसमोर हा शब्द तोंडातून निघाला की त्या खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "जराक म्हंजे किती?" मग आकडा सांगितल्याशिवाय सुटका नाही. कॅन्टीनच्या काकांनी एकदा विचारलं, "मॅडम, साखर जराक टाकू?" झालं. त्या दिवसापासून मॅडम दारातून आत आल्या की काका आतल्या पोराला सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं ओरडायचे, "मॅडमचा चहा, पाऊण चमचा!" मॅडमही हसायच्या आणि पाऊणच चमचा घ्यायच्या.

त्या अकोल्याच्या. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर, वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. "लहानपणी माह्या केसात कायम कापूस. शाळेत मले म्हातारी म्हणत," असं त्याच सांगायच्या. आठवडाभर अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी शेवटचा तास संपला की खांद्याला मोठी पिशवी लावून अकोल्याची गाडी धरायच्या. वडील गेल्यापासून घरी अम्मी एकट्या. फोनवर अम्मीशी हिंदी-उर्दू, फळ्यापाशी पुस्तकातली मराठी आणि राग आला की अस्सल वऱ्हाडी. त्या कोणत्या भाषेत बोलून राहिल्या यावरून आपलं आज काय होणार ते वर्गाला कळायचं.

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प वाटायचे होते तेव्हा मुलांना हजेरीचं ॲप, दुकानाचं ॲप असलं काहीतरी सोपं हवं होतं. मॅडमनी विचारलं, "कोणाच्या घरी कृत्रिम खुबा बसवलेला आहे?" वर्ग हसला. मी हात वर केला.

"कोणाचा?"

"दादाचा."

"शेवटचा एक्स-रे कधी काढला?"

"ऑपरेशननंतर नाही काढला, मॅडम. आता दुखत नाही ना त्याचं."

"दुखत नाही म्हणूनच तं विचारून राहिली. दुखाले लागल्यावर कोणीबी काढते."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून अम्मींची गोष्ट सांगितली. अम्मी पडल्या होत्या, खुबा बदलला होता, पुढे कित्येक वर्षं ठणठणीत होत्या. मधूनमधून एक्स-रे निघायचे, डॉक्टर बघायचे, छान आहे म्हणायचे. एके दिवशी एकदम सांधा हलायला लागला. उघडून बघितलं तर आजूबाजूचं हाड विरलेलं. दुसरं ऑपरेशन मोठं झालं, तरी सांधा काही पक्का बसला नाही. तेव्हापासून अम्मी दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच अख्खी गल्ली चालवतात. मॅडमनी नंतर जुने एक्स-रे ओळीनं मांडले आणि पट्टीनं मोजले.

"फोटोत होतं, बेटा. सगळ्या फोटोंत होतं. मोजलं कोणी नाही."

"मग डॉक्टरांची चूक म्हणायची?"

"कोणाची चूक नाही. एवढी बारीक गोष्ट डोळ्यानं दिसतच नाही. दिसन असं काहीतरी बनवा लागते. ते आपण बनवू."

तो 'आपण' ऐकला आणि मी त्यांची झाले.

काम समजायला सोपं होतं, करायला नाही. बसवलेल्या खुब्यात बाहेर धातूची वाटी असते, तिच्या आत प्लॅस्टिकची वाटी आणि तिच्यात फिरणारा धातूचा गोळा. माणूस चालतो तसं प्लॅस्टिक झिजतं, वर्षाला कागदाच्या पानाएवढं, कधी त्याहून जास्त. त्याची पूड आजूबाजूला साचते आणि ती पूडच पुढे हाड खाते. घोळ असा की एक्स-रेत धातू दिसतो, प्लॅस्टिक दिसत नाही. जे झिजतं तेच दिसत नाही. मग करायचं काय? प्लॅस्टिक पातळ झालं की गोळा वाटीत रुततो. तेव्हा गोळ्याभोवती एक वर्तुळ काढायचं, धातूच्या वाटीभोवती दुसरं, दोन्हींच्या मध्यबिंदूंतलं अंतर मोजायचं आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशी ताडून बघायचं. गोळा केवढा बसवला ते ऑपरेशनच्या कार्डावर असतं, त्यामुळे फोटो लहान छापला काय नि मोठा काय, माप बरोबर निघतं. आमचं सॉफ्टवेअर वर्तुळाच्या कडा स्वतः शोधायचं. अकोल्यातले एक हाडांचे डॉक्टर मॅडमच्या ओळखीचे होते, ते त्यांच्या रुग्णांचे एक्स-रे नावं झाकून द्यायचे. सुरुवातीला ते म्हणाले होते, "मॅडम, मग माझे डोळे काय खुंटीला टांगू?" मॅडम म्हणाल्या, "डोळे राहू द्या सर, त्याइले चष्मा देतो."

मॅडमचा एक नियम होता. कोणताही फोटो दोघांनी हातानंही मोजायचा, वेगवेगळ्या खोलीत बसून, एकमेकांचा आकडा न बघता. आकडे जुळले नाहीत तर चुकलं कोण हे त्या विचारायच्या नाहीत. "परत मोजा," एवढंच. मी चिडायचे. दुपारभर संगणकाच्या पडद्यावर एकाच गोळ्याभोवती ठिपके ठेवत बसलं की बाहेर दिसणारी सायकलची चाकंसुद्धा मोजावीशी वाटायची. एकदा मी म्हटलं, "मॅडम, मशीन मोजते ना, मग आपण कशाला?" त्या म्हणाल्या, "मशीन आज शिकून राहिली. शिकणाऱ्यावर नजर ठेवा लागते. तुह्यावर नाही का ठेवत?"

दादाचा पहिला एक्स-रे हवा होता. घरी आणायला जाते म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, मीही येते. अमरावतीहून आम्ही बाबांच्याच जीपमध्ये निघालो. बाबांनी मॅडमना पुढची सीट दिली आणि दर्यापूर येईपर्यंत एकही जास्तीचा प्रवासी घेतला नाही. माझ्या माहितीत हे असं एकदाच झालं.

घरी आईनं चहा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यानं पहिला फोटो देला असन ना? तो पाहिजे. तो नसन तं तुलना कशाशी करू?"

आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी दादाकडे. दादा खिडकीकडे बघायला लागला.

"आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे तं," आई म्हणाली. "पण थो खिडकीले लावला."

स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच फुटली होती आणि ती फिल्म तिथे माप घेतल्यासारखी बसली होती. दादाच्या खुब्यातून आमच्या चुलीवर उजेड पडायचा. रोज बघून बघून मला ती दिसेनाशीच झाली होती. मी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, पिशवीतून पट्टी काढली आणि तिथेच, उभ्याउभ्या, गोळा मोजायला लागल्या.

"मावशी, लय चांगल्या जागी लावला. फोटो उजेडात पाहाले आमाले कॉलेजात लाइटचा डबा विकत आणा लागला."

आई हसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बाबांनी फिल्म काढली, आईनं ओल्या फडक्यानं काजळी पुसली. एक कोपरा उन्हानं आणि धुरानं गेला होता, पण खुबा वाचला होता. मोकळ्या चौकटीत मॅडमनी स्वतःच्या फायलीचा प्लॅस्टिकचा पुठ्ठा बसवला आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच बाहेर आल्या.

पुढच्या आठवड्यात दादा अकोल्याला जाऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात नवा एक्स-रे काढून आला. फोटो थेट आमच्या संगणकावर आला, सॉफ्टवेअरनं वर्तुळं काढली आणि आकडा दिला. दोन मिलीमीटरच्या वर. इतक्या थोड्या वर्षांत इतकी झीज म्हणजे वाटी संपत आली असा त्याचा अर्थ. आम्ही हातानं मोजायच्या आतच तो आकडा डॉक्टरांपर्यंत गेला आणि त्यांचा फोन आला, "हा आकडा खरा असेल तर थांबून चालणार नाही. उघडावं लागेल, आणि हाड किती उरलंय ते उघडल्यावरच कळेल." सिकलसेलच्या माणसाला मोठं ऑपरेशन म्हणजे साधी गोष्ट नाही, हे आम्ही एकदा बघितलं होतं.

आदल्या दिवसापर्यंत कारखान्याचे जिने चढणारा दादा दुसऱ्या दिवसापासून लंगडायला लागला. आईनं तेलाची वाटी पुन्हा काढली. मी घरी गेले तर तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "मॅनेजरले काय सांगू? पुन्हा लंगडा झालो म्हून?" मग हळूच म्हणाला, "ज्योते, पुन्हा भिंत धरून चालनं माह्याच्यानं होणार नाही. एक डाव झालं. आता नाही होत."

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी धीराचे शब्द वगैरे काही दिले नाहीत. म्हणाल्या, "घाबराचं का नाही, ते मोजून ठरवू. तू त्या खोलीत बस, मी या खोलीत."

तीनदा मोजलं. बाहेर आले तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. आमचे दोघींचे आकडे एकमेकींशी जुळले. मशीनशी जुळले नाहीत. मशीनचा आकडा आमच्या दुपटीहून मोठा होता. मॅडमनी मशीननं काढलेलं वर्तुळ फोटोवर उमटवलं आणि पडदा भरेल एवढं मोठं केलं. गोळ्याचं वर्तुळ बरोबर होतं. वाटीचं वर्तुळ मात्र वरच्या बाजूला वाटीची कड सोडून दुसऱ्याच एका पांढऱ्या वाकड्या रेघेवरून गेलं होतं.

"हे काय आहे?" त्यांनी रेघेवर पेन टेकवला.

मी जवळ जाऊन बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. "मॅडम, तो करदोडा आहे."

"चांदीचा?"

"हो. दादा पायावर उभा राहिला म्हणून आईनं घातला. नवस होता. जराक सैल आहे."

त्या वेळी 'जराक'वर त्यांनी मला सोडून दिलं.

सगळं एकदम उलगडलं. पहिल्या फोटोच्या वेळी दादाच्या कमरेला काही नव्हतं, कारण जुना दोऱ्याचा करदोडा ऑपरेशनच्या आधी दवाखान्यानं आईला न विचारताच काढला होता. या वेळी एक्स-रे काढणाऱ्या माणसानं सांगितलं, धातूचं काय असेल ते काढून ठेवा. दादानं पट्टा काढला, घड्याळ काढलं, मोबाइल, किल्ल्या, खिशातली चिल्लरसुद्धा काढली. करदोडा त्याच्या डोक्यातच आला नाही. आमच्याकडे पुरुषाला करदोडा ही अंगावर घातलेली वस्तू वाटतच नाही, ती कंबरच असते. निजल्यावर तो सैल करदोडा खाली घसरला आणि वाटीच्या कडेला समांतर जाऊन पडला. डॉक्टरांना तो दिसला नव्हता असं नाही. पण इथल्या दर दुसऱ्या पुरुषाच्या फोटोत करदोडा असतो, त्यांची नजर तो आपोआप ओलांडून जाते. मशीनची नजर कशी ओलांडणार? तिला आम्ही शिकवलं होतं ते परदेशातल्या फोटोंवर, इंटरनेटवर फुकट मिळाले म्हणून. डॉक्टरांकडून आलेले बहुतेक फोटो वयस्क बायांचे.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि डोक्यावरची ओढणी घसरेपर्यंत हसल्या. "आपल्या मशीनले सगळं आलं रे बाबा, वऱ्हाड नाही आलं! माह्या मोहल्ल्यात गेली असती तं ताइतावर अडकली असती."

आता फोटो पुन्हा काढायचा होता. त्यासाठी आई, बाबा, दादा तिघंही अकोल्याला आले, मॅडमही आल्या. दवाखान्याच्या बाकावर आईनं स्पष्ट सांगितलं, "करदोडा निघणार नाही, मॅडम. बाप जिता असताना करदोडा काढत नाहीत."

दादा म्हणाला, "आई, पाच मिनिटाचं काम हाय. मी काढतो."

"हात लावून तं पाह्य!"

ज्यांच्या जिवाचा प्रश्न चालला होता ते बाबा शेजारीच बसून मुकाट्यानं चहा पीत होते. एक्स-रे काढणारा माणूस घड्याळ बघायला लागला. मला आईचा राग आला होता. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी तिला समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मावशी, काढाचा नाही. वर सरकवाचा. छातीपर्यंत नेऊन ठेवू, फोटो निघाला का पुन्हा जागेवर. अंगावरून उतरतच नाही तो. चालते का?"

आईनं विचार केला. अगदी सावकाश केला. "वर चालते," ती म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे माह्या जिवाले काही धोका नाही ना? नाही, गाडी घेऊन परत जा लागते, म्हून इचारलं."

नवा फोटो आला. मशीननं मोजला, मी मोजला, मॅडमनी मोजला. तिन्ही आकडे शेजारी-शेजारी बसले. एक मिलीमीटरच्या आत. दादानं माझं तोंड बघूनच ओळखलं. "म्हंजे वाचलो!"

"वाचला नाही, बेटा," मॅडम म्हणाल्या. "वेळ भेटला."

त्यांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. वाटी झिजते आहे. जेवढी झिजायला हवी त्याहून जास्त झिजते आहे. पण हाड चांगलं आहे. नजर ठेवली तर योग्य वेळी फक्त आतली प्लॅस्टिकची वाटी बदलता येईल, लहान काम. नजर ठेवली नाही तर त्यांच्या अम्मींसारखं. "दरवर्षी याचं. दुखो का न दुखो. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला, आणि उठून बाबांना सांगायला झपाझप निघाला. मॅडमनी मागून हाक मारली, "ओ भाऊ! ते लंगडणं कोठी ठेवलं?" दादा तिथेच थांबला, पायाकडे बघितलं आणि कान लाल होईपर्यंत हसला.

आम्ही सगळे सुटल्यासारखे झालो होतो. मॅडम झाल्या नव्हत्या. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज चूक मोठ्या आकड्याची झाली म्हणून सापडली. घाबरलो, म्हणून परत मोजलं. उलटी झाली असती तं? मशीन म्हणाली असती, सगळं ठीक आहे. मंग परत कोणी मोजलं असतं?"

त्यानंतरचे महिने आम्ही मशीनला वऱ्हाड शिकवण्यात घालवले. करदोडा, ताईत, कमरेची साखळी, खिशात राहिलेली किल्ली. वाटीच्या आसपास असं काही आडवं आलं तर सॉफ्टवेअरनं आकडा द्यायचाच नाही, थांबायचं आणि माणसाला विचारायचं. तो भाग मी लिहिला. मॅडमनी तो पाच वेळा परत पाठवला, सहाव्यांदा ठेवून घेतला आणि कॅन्टीनच्या काकांना म्हणाल्या, "या पोरीले आज दोन चमचे." त्यांच्याकडून मिळालेली ती एवढीच शाबासकी, पण मी ती अजून खर्च केलेली नाही. डॉक्टरांच्या एक्स-रेच्या खोलीबाहेर पाटी लागली, 'करदोडा, ताईत काढायचा नसेल तर छातीवर सरकवा.' ती मजकुरासकट आईची, असं आई गावात सांगते.

मॅडम कॉलेजात कंत्राटावर होत्या. आमची बॅच बाहेर पडली त्याच वर्षी त्यांना हैदराबादेत अशाच कामाची पक्की नोकरी मिळाली. अम्मी आधी तयार नव्हत्या. मग खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायची या बोलीवर तयार झाल्या. अकोला स्टेशनवर मी निरोप द्यायला गेले. अम्मी चाकाच्या खुर्चीत बसून हमालाला सामान कसं लावायचं ते शिकवत होत्या. मला रडू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "रडाचं असन तं रड, पण ऐक. मी गेली म्हंजे मोजणारी तू एकटी राहिली. एकटीनं मोजाचं नाही. दुसरी तयार कर."

मी केली. आज मी अकोल्यात त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या सिस्टरताईंना मी मोजायला शिकवलं आणि त्या आता माझ्याहून चिवट झाल्यात. त्यांचा आणि माझा आकडा जुळला नाही की मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणतात, "परत." खुबा बदललेला प्रत्येक माणूस आमच्याकडे वर्षातून एकदा येतो. दुखत नसताना यायचं, हे पटवायला सगळ्यात जास्त मेहनत पडते. "मले काही तरास नाही तं काहून बोलावता?" असं विचारणाऱ्याला मी खुर्ची देते आणि मॅडमच्या अम्मींची गोष्ट सांगते. बहुतेक जण पुढच्या वर्षी येतात. मॅडमचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी असतो. आधी कामाचं विचारतात, मग तब्येतीचं. अम्मी मागून ओरडून माझं लग्न कधी ते विचारतात.

दादा कबूल केल्याप्रमाणे दरवर्षी आला. दोन वर्षं आकडा हळूहळू सरकला. तिसऱ्या वर्षी त्यानं मोठी उडी घेतली. मी मोजला, सिस्टरताईंनी मोजला, नाव झाकून मॅडमना पाठवला. तिघींचं एकच आलं. डॉक्टर म्हणाले, आता वेळ झाली. मला वाटलं दादा पुन्हा खाट धरेल. त्यानं फक्त विचारलं, "मॅडमनं मोजलं का?" मी हो म्हटलं. "मंग चाल, बदलून टाकू," तो म्हणाला.

सिकलसेल म्हणून आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन केलं. आतली प्लॅस्टिकची वाटी आणि गोळा, एवढंच बदललं. या वेळची वाटी नव्या, चिवट प्लॅस्टिकची आहे. बाहेरची धातूची वाटी आणि गोळा धरणारा मांडीच्या हाडातला दांडा घट्ट जागेवर होते, त्यांना हात लावावा लागला नाही. हाड शाबूत होतं. दीड महिन्यानं दादा नांदगाव पेठेत कामावर रुजू झाला.